पेटीला बसणारा ठोका: विद्युत आवरणांचे आयके मानांकन नवख्यांनी कसे वाचावे आणि कसे निवडावे

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका दालमिलमध्ये मी बसवलेला मोटर स्टार्टरचा पॅनल तीन महिन्यांत बंद पडला होता. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच, गुरगुरत होता, दुसऱ्या दिवशी त्याची कॉइल जळाली आणि पेटी उघडली तेव्हा आत तुरीच्या डाळीची बारीक पिवळसर पूड बोटाने रेघ ओढता येईल इतकी साचलेली होती. पेटी एबीएस प्लॅस्टिकची होती, तिच्यावर आयपी६५ असे, म्हणजे धूळ आणि पाणी अडवण्याचे मानांकन, ठळक छापलेले होते आणि गास्केटही जागेवर होते. धूळ कुठून आली हे कळायला अर्धा तास गेला. पेटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, केबल ग्लँडच्या (केबल पेटीत घट्ट घेणाऱ्या जोडाच्या) छिद्रापासून कडेपर्यंत, केसाएवढी एक भेग गेलेली होती. त्याच उंचीवर, दोन पावलांवर, कट्टे वाहणाऱ्या हातगाडीचा लोखंडी दांडा रोज ये-जा करीत होता. कोणी मुद्दाम काही केले नव्हते. पेटी निवडताना धुळीचा विचार झाला होता, धक्क्याचा झाला नव्हता, आणि ती निवड माझी होती.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला सर्वांत आधी सांगतो: आयपी मानांकन नव्या, न दुखावलेल्या पेटीचे असते, आणि ती पेटी ठोका खाल्ल्यानंतरही तशीच राहील का, या प्रश्नाचे उत्तर आयके मानांकनात असते. म्हणून ही दोन्ही मानांकने जोडीने वाचायची असतात. पॅनल बांधणी, पंपाचे स्टार्टर, सौर प्रकल्प किंवा कारखान्याची देखभाल अशा कामात जे नव्याने आले आहेत, त्यांना हे मानांकन समजावे, ते कागदावर तपासता यावे आणि आपल्या खानदेशातील जागांसाठी ते निवडता यावे, यासाठी हा लेख आहे.

आधी आकड्यांचा अर्थ नीट लावून घ्यावा

विद्युत उपकरणाच्या बाहेरच्या आवरणाला बाहेरून बसणारा यांत्रिक आघात किती सोसता येतो, हे दाखवणाऱ्या संकेताला आयके संकेत म्हणतात. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२२६२ हे असून ते २००२ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी १९९५ पासून युरोपात ईएन ५०१०२ हे मानक होते आणि आजचा संकेत त्यातूनच आला आहे. ७२.५ किलोव्होल्टपर्यंतच्या उपकरणांच्या आवरणांना हे मानक लागू होते. म्हणजे घरातील वितरण पेटीपासून उपकेंद्राच्या आवारातील नियंत्रण पेटीपर्यंत आपल्या हाताखालून जाणारे जवळजवळ सगळेच काम त्यात येते.

आघात मोजण्याचे एकक जूल आहे. एक किलो वजन सुमारे दहा सेंटीमीटर उंचीवरून पडले की जी ऊर्जा तयार होते, ती साधारण एक जूल असते. एवढे डोक्यात ठेवले की पुढचे आकडे कोरडे वाटत नाहीत.

आयके०० म्हणजे आघाताविरुद्ध कोणतेही संरक्षण नाही. आयके०१ म्हणजे ०.१४ जूल, आयके०२ म्हणजे ०.२, आयके०३ म्हणजे ०.३५, आयके०४ म्हणजे ०.५, आयके०५ म्हणजे ०.७ आणि आयके०६ म्हणजे १ जूल. येथपर्यंतचे सर्व ठोके हलके असून ते घर किंवा कार्यालयातील उपकरणांपुरते आहेत. खरी चढण यापुढे सुरू होते. आयके०७ म्हणजे २ जूल, आयके०८ म्हणजे ५ जूल, आयके०९ म्हणजे १० जूल आणि आयके१० म्हणजे २० जूल. २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने यात ५० जूलचे आयके११ जोडले गेले. म्हणून त्याआधी छापलेल्या माहितीपत्रकांत आयके१० हीच शेवटची पायरी दिसते.

येथे नवख्यांची हमखास होणारी एक चूक आहे, आणि ती मी अनुभवी खरेदी अधिकाऱ्यांकडूनही ऐकली आहे. आयके१० म्हणजे दहा जूल नव्हेत. दहा जूल म्हणजे आयके०९, आणि आयके१० म्हणजे वीस. त्याचप्रमाणे आयके०५ म्हणजे पाच जूल नव्हेत, ते एका जूलपेक्षाही कमी आहे, आणि पाच जूलसाठी आयके०८ लागते. संकेतातील अंक हा केवळ पायरीचा क्रमांक आहे आणि पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. आयके०७ वरून आयके०८ वर जाताना ऊर्जा अडीच पट होते आणि त्यापुढे आयके१० पर्यंत प्रत्येक पायरीला दुप्पट होते. त्यामुळे "एकच अंक कमी आहे, चालेल" असे म्हणताना आपण निम्मी ताकद सोडून देत असतो.

दुसरी गल्लत आयपीच्या सवयीमुळे होते. आयपी६५ मधील ६ आणि ५ हे दोन स्वतंत्र अंक आहेत, पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. आयके०८ मधील ० आणि ८ वेगळे वाचायचे नसतात, तो एकच क्रमांक आहे. जुन्या, विशेषतः फ्रेंच बनावटीच्या उपकरणांवर आयपीनंतर तिसरा अंकही सापडतो. आघातासाठी पूर्वी तो अंक वापरला जात असे. तो अंक आजच्या आयके पायरीच्या क्रमांकाशी जुळत नाही, म्हणून जुने यंत्र बदलताना तिसरा अंक पाहून तोच क्रमांक आयकेमध्ये मागू नये.

ठोका नेमका कसा मारतात, हे माहीत असावे

मानांकनाची किंमत त्याच्यामागच्या चाचणीत असते, म्हणून ही पायरी मी घाईने ओलांडू देत नाही.

चाचणीचे हातोडे तीन प्रकारचे असतात: लंबकासारखा झुलून येणारा, स्प्रिंगने सुटणारा आणि वरून सरळ पडणारा. त्यांचे तपशील आयईसी ६००६८-२-७५ या मानकात दिलेले आहेत. एक जूलपर्यंतच्या ठोक्यांसाठी पाव किलोचा हातोडा असतो आणि त्याचे टोक पॉलिअमाइडचे, म्हणजे नायलॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकचे असते. दोन जूल आणि त्यापुढे टोक पोलादी होते. आयके०७ साठी अर्धा किलोचा हातोडा ४०० मिलिमीटर उंचीवरून, आयके०८ साठी १.७ किलोचा ३०० मिलिमीटरवरून, आयके०९ साठी ५ किलोचा २०० मिलिमीटरवरून आणि आयके१० साठी तोच ५ किलोचा ४०० मिलिमीटरवरून पडतो. आयके११ साठी १० किलोचा हातोडा अर्ध्या मीटरवरून सोडला जातो. ज्याच्या कार्यशाळेत पाच किलोचा घण आहे त्याने तो गुडघ्याच्या जरा खाली धरून पाहावा, म्हणजे आयके१० चा ठोका केवढा असतो याचा अंदाज हातालाच येतो.

हातोड्याचे टोक गोल असते. आयके०७ आणि आयके०८ ला त्या गोलाईची त्रिज्या २५ मिलिमीटर असते, तर आयके०९ पासून पुढे ५० मिलिमीटर. ही बाब बारीक वाटते, पण फार महत्त्वाची आहे. आयके१० मानांकन मिळवलेल्या पेटीवर टिकावाचे टोक वीस जूलने आदळले, तर पेटी टिकेलच असे हे मानांकन सांगत नाही, कारण तीच ऊर्जा एका बिंदूवर एकवटते. टोकदार वस्तू, ड्रिल, सतत बसणारी कंपने, किंवा खांबाला अंग घासणाऱ्या म्हशीचा संथ दाब, हे सारे आयकेच्या कक्षेबाहेरचे विषय आहेत.

चाचणीच्या वेळी पेटी प्रत्यक्ष वापरात असते तशी, एका भक्कम आधारावर बसवलेली असते. आधार इतका घट्ट हवा की त्याच ऊर्जेचा ठोका थेट त्याच्यावर मारला तरी तो ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. कारण सरळ आहे: आधारच झुलला तर काही ऊर्जा तो गिळतो आणि पेटी आहे त्यापेक्षा मजबूत दिसते. वापरात उघड्या राहणाऱ्या प्रत्येक बाजूवर सर्वसाधारणपणे पाच ठोके मारतात, ते बाजूभर विखुरतात, आणि एकाच जागेच्या आसपास तीनपेक्षा जास्त मारत नाहीत. भिंतीला टेकलेली पाठीमागची बाजू त्यात येत नाही. त्या त्या उपकरणाचे स्वतःचे मानक वेगळी संख्या सांगत असेल तर ती लागू होते. रिकाम्या पेट्यांच्या आयईसी ६२२०८ या मानकात एक मीटरपर्यंतच्या पेटीला दर बाजूस तीन आणि त्याहून मोठ्या पेटीला पाच ठोके आहेत, आणि कुलूप, बिजागरी यांवर ठोका मारला जात नाही.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. रस्त्यालगतच्या पेटीचे कुलूप दगडाने फोडले जाते तेव्हा आयके१० चा शिक्का त्या कुलपाची कोणतीही हमी देत नाही. ते कुलूप आपल्यालाच वेगळे पारखून घ्यावे लागते.

ठोके मारून झाल्यावर पेटी उत्तीर्ण झाली असे कधी म्हणायचे? आयईसी ६२२६२ हा निकष बहुतांशी उत्पादनाच्या मानकावर सोपवते. पत्र्याला पोचा पडला म्हणून पेटी नापास होत नाही. दार उघडते आणि बंद होते का, झाकण काढून परत बसते का, आयपी दर्जा टिकला का, आणि आतील जिवंत भागांपासूनचे विद्युतरोधन अबाधित राहिले का, हे पाहिले जाते. दालमिलमधल्या माझ्या पेटीला ही चाचणी लावली असती तर ती आयपीच्या मुद्द्यावरच नापास झाली असती.

आता आपल्या जागेचे धक्के मोजावेत

पेटीचे माहितीपत्रक उघडण्याआधी जागेवर जाऊन उभे राहावे, आणि शक्य असल्यास काम चालू असताना जावे. कोणती वस्तू, किती वजनाची, किती वेगाने किंवा किती उंचीवरून पेटीला लागू शकते, हे वहीत लिहावे. गणित दोनच आहेत. पडणाऱ्या वस्तूसाठी किलोतील वजन, मीटरमधील उंची आणि ९.८१ यांचा गुणाकार करावा. सरकत किंवा उडत येणाऱ्या वस्तूसाठी वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणावे, वेग मीटर प्रति सेकंद घ्यावा. उत्तर जूलमध्ये येते.

एक साधे उदाहरण घेऊ. फिटरच्या हातातून ४०० ग्रॅमचा पाना सव्वा मीटर खाली असलेल्या पेटीच्या माथ्यावर पडला, तर ०.४ गुणिले ९.८१ गुणिले १.२५, म्हणजे ४.९ जूल होतात. आयके०८ त्याला जेमतेम पुरते. जेथे शिडीवर चढून काम चालते तेथे उंची वाढते आणि आयके०८ अपुरे पडते.

आता ती हातगाडी. पन्नास किलोचे दोन कट्टे आणि वीस किलोची गाडी, असे मिळून १२० किलो. हमाल ती अगदी संथपणे, अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने ढकलत असेल तर १५ जूल होतात, म्हणजे आयके०९ ओलांडले गेले. तोच हमाल सहज चालीने, एक मीटर प्रति सेकंद वेगाने आला तर ६० जूल, आणि येथे आयके११ सुद्धा मागे पडते. जिनिंगमध्ये रुईची गाठ साधारण १७० किलोची असते. ती अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने सरकत येऊन टेकली तरी सुमारे २१ जूल होतात. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे या उदाहरणांतून लक्षात यावे. अर्थात ही सगळी ऊर्जा पेटीतच उतरेल असे नाही, काही गाडीत आणि काही भिंतीत जाते. तरीही निवड करताना मी पूर्ण आकडाच धरतो.

गारपिटीचे गणित मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण रावेर आणि यावलच्या केळी पट्ट्यात, विहिरीवर किंवा बांधावर उघड्यावर असलेले स्टार्टर आणि शेतातील सौर पंपांचे कंट्रोलर हे सारे आकाशाखाली असतात. सौर पॅनलच्या मानकातील नेहमीच्या गारेच्या चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचा, साडेसात ग्रॅमचा बर्फाचा गोळा २३ मीटर प्रति सेकंद वेगाने मारतात. त्याची ऊर्जा २ जूल भरते, म्हणजे आकड्यापुरती आयके०७ एवढी. पण त्याच मानकाच्या तक्त्यात ४५ मिलिमीटरची, म्हणजे लिंबाएवढी गारही आहे. तिचे वजन सुमारे ४४ ग्रॅम आणि वेग जवळपास ३१ मीटर प्रति सेकंद असतो, आणि तिची ऊर्जा २१ जूलपर्यंत जाते. गारेचा व्यास दुप्पटही झालेला नाही आणि ठोका दहापट झाला. बर्फ आदळताना फुटतो, पोलादी हातोडा फुटत नाही, म्हणून दोन्ही चाचण्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. मात्र उघड्यावरच्या प्लॅस्टिक पेटीवर पत्र्याचे एक छप्पर का हवे, हे यावरून कळते. ते छप्पर ऊनही अडवते, आणि त्या उन्हाचा मुद्दा पुढे येणारच आहे.

शाळेच्या किंवा मैदानाच्या भिंतीवर पेटी असेल तर चामडी क्रिकेट चेंडूचा हिशोब करावा. तो साधारण १६० ग्रॅमचा असतो आणि ताशी ५४ किलोमीटर वेगाने आला तर १८ जूल होतात. म्हणून अशा भिंतीवर आयके१० पेक्षा कमी काही बसवू नये, असे माझे मत आहे.

ट्रॅक्टरचा हिशोब मात्र आयकेमध्ये करायचाच नसतो. तीन टन वजनाची भरलेली ट्रॉली चालण्याच्या वेगाने मागे आली तर १,५०० जूल होतात. तेथे पेटी बदलून काही साधत नाही. काँक्रीट भरलेले पाइप जमिनीत गाडणे, अँगलची चौकट उभी करणे किंवा पेटीची जागाच हलवणे, हेच उपाय आहेत. जिनिंग आणि मार्केट यार्डात महागड्या पेटीपेक्षा दोन पाइपांचे कुंपण जास्त उपयोगी पडलेले मी पाहिले आहे, आणि त्याचा खर्चही कमी असतो.

जागा आणि मानांकन यांची सांगड

कुलूपबंद विद्युत कक्षात, जेथे फक्त जाणकार माणसे जातात, तेथे आयके०७ पुरेसे असते. कारखान्यात, जेथे माल आणि माणसे फिरतात पण गाडीचा मार्ग पेटीपासून दूर आहे, तेथे मी आयके०८ हा किमान धरतो. मार्गालगत असेल तर आयके०९ किंवा आयके१०, आणि सोबत अडसर. रस्त्यालगत, बसस्थानकात, बाजारात, जेथे कोणीही हात लावू शकतो, तेथे आयके१०. ही माझी कामाची पद्धत आहे. निविदेत किंवा उपकरणाच्या मानकात वेगळी अट असेल तर ती पाळावी.

पेटी कशाची आहे, याला आकड्याइतकेच महत्त्व आहे. सीआरसीए, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेल्या पोलादी पत्र्याची पेटी ठोक्याने दबते, पण सहसा फुटत नाही. तिच्यात दोन गोष्टी पाहाव्यात: पोचा आत जाऊन बसबारपासूनचे (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीपासूनचे) अंतर कमी झाले का, आणि पावडर कोटिंगचा तुकडा उडून गंज सुरू झाला का. पॉलिकार्बोनेट लवते आणि परत जागेवर येते, म्हणून नव्या पॉलिकार्बोनेट पेटीला चांगले मानांकन मिळते. एसएमसी (काचतंतू घालून साच्यात दाबलेले प्लॅस्टिक) आणि फायबरच्या पेट्या गंजत नाहीत आणि वीज वाहत नाहीत, पण मर्यादेबाहेर ठोका गेला की दबण्याऐवजी त्यांना तडा जातो. एबीएस घरात ठीक असते. बाहेर मी ते वापरत नाही.

कारण आपले ऊन. आयके चाचणी १५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात, नव्या नमुन्यावर होते. जळगाव आणि भुसावळ येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात तापलेल्या पेटीचा पृष्ठभाग त्याहूनही खूप गरम होतो. उष्णतेपेक्षाही अतिनील किरणांचा परिणाम अधिक खोल असतो. अतिनील संरक्षण नसलेले प्लॅस्टिक आधी फिके पडते, मग हात फिरवला की खडूसारखी पूड बोटाला लागते, आणि त्या अवस्थेत ते ठिसूळ झालेले असते. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. अशा कोणत्याही प्रकल्पात तारांचे जोड एकत्र आणणाऱ्या पेट्या वर्षानुवर्षे उन्हात उभ्या असतात. तेथे काम करायला जाणाऱ्या नव्या तंत्रज्ञाने बोटाला लागणारी ती पांढरी पूड ओळखायला शिकावे. पेटीवरील आयके०८ चा शिक्का ती नवी असतानाच्या अवस्थेबद्दल बोलत असतो.

काचेची किंवा पारदर्शक खिडकी हा पेटीचा कमकुवत भाग असतो. आयके मानांकन संपूर्ण आवरणाला लागू असते, आणि एखाद्या भागाचे मानांकन वेगळे असेल तर ते वेगळे दाखवावे लागते. म्हणूनच एकाच मालिकेतील साध्या दाराच्या धातूच्या पेटीला आयके१० आणि काचेच्या दाराच्या पेटीला आयके०८ असे अनेक माहितीपत्रकांत दिसते. मागणी नोंदवताना मालिकेचे नाव लिहून थांबू नये, नेमका मॉडेल क्रमांक आणि दाराचा प्रकार लिहावा.

कागद तपासण्याची पायरी

विक्रेता "आयके१० आहे" असे म्हणाला की चाचणी अहवाल मागावा. "आयके१० च्या तोडीचे", "आयके१० नुसार रचना केलेले" हे शब्द अहवालाची जागा घेऊ शकत नाहीत. अहवाल एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा असावा आणि त्यात मानकाचा क्रमांक, नमुन्याचा मॉडेल क्रमांक, वापरलेला हातोडा, ऊर्जा, कोणत्या बाजूंवर किती ठोके मारले आणि ठोक्यानंतर काय तपासले, हे लिहिलेले असावे. मी सर्वांत आधी शेवटची बाब पाहतो. "दृश्य तपासणी समाधानकारक" एवढेच लिहिले असेल तर विक्रेत्याला विचारावे की आयपी चाचणी ठोक्याआधी झाली की नंतर. हा एक प्रश्न विचारला की समोरच्याला विषय किती कळतो तेही समजते.

अहवालातील पेटी आणि आपल्याला मिळणारी पेटी यांची जाडी एकच आहे का, हे व्हर्नियरने मोजून पाहावे. पत्रा १.६ ऐवजी १.२ मिलिमीटरचा निघाला, तर तो अहवाल त्या पेटीचा राहत नाही.

पेटी आपल्या हातात आल्यानंतर

येथे पॅनल बांधणाऱ्याची स्वतःची जबाबदारी सुरू होते, आणि बहुतेक मानांकने याच टप्प्यावर वाया जातात. कंपनीने रिकाम्या, अखंड पेटीची चाचणी केलेली असते. आपण तिच्या दारात मीटरसाठी चौकोन कापतो, पुश बटणांसाठी छिद्रे पाडतो, तळाला ग्लँड लावतो. प्रत्येक कापामुळे दार दुबळे होते, आणि बसवलेल्या मीटरची प्लॅस्टिकची तबकडी आता बाहेरच्या बाजूचा भाग होते. आयके१० च्या पत्रापेटीत आयके०६ चा मीटर बसवला, तर त्या जागी ती पेटी आयके०६ चीच. शक्य असेल तेथे मीटर आणि बटणे आतल्या दारावर घ्यावीत आणि बाहेरचे दार कोरे ठेवावे. ते जमत नसेल तर बाहेरून पॉलिकार्बोनेटचे झाकण लावावे.

प्लॅस्टिकच्या पेटीत छिद्र कोपऱ्याजवळ पाडू नये, आणि होल सॉने कापल्यावर कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात. माझ्या त्या पेटीतील भेग ग्लँडच्या छिद्रातील एका बारीक खाचेतून निघालेली होती, आणि ती खाच कापताना राहिलेली होती. ठोका कोपऱ्यावर बसला आणि भेगेने खाचेचा रस्ता धरला. ग्लँड अति घट्ट आवळल्यानेही प्लॅस्टिकवर कायमचा ताण राहतो, तो पुढे ठोक्याच्या वेळी नडतो.

पेटी टांगताना तिच्या चारही ठरलेल्या छिद्रांतून पक्के अँकर घ्यावेत. दोनच खिळ्यांवर लटकलेली पेटी ठोक्याने फुटली नाही तरी वळते, केबल ओढली जाते आणि आतील टर्मिनल सैल होते. भिंत मातीची किंवा पोकळ विटेची असेल तर आधी अँगलची चौकट करावी. हातगाडीच्या दांड्याची, ट्रॉलीच्या फाळक्याची उंची मोजून पेटीचा तळ त्याच्या वर नेता आला तर अर्धे काम तेथेच होते. पेटी इतकी वर मात्र नेऊ नये की माणसाला बंद करण्याचे बटण सहज गाठता येणार नाही.

काम पूर्ण झाल्यावर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर मूळ पेटीचे आयपी आणि आयके, कापलेल्या भागांत बसवलेल्या वस्तूंचे मानांकन आणि बसवल्याची तारीख लिहावी. देखभालीला येणाऱ्या पुढच्या माणसाला याचा फार उपयोग होतो.

पेटीला मोठा ठोका बसल्याचे कळले तर बाहेरून ठीक दिसते म्हणून सोडून देऊ नये. वीजपुरवठा तोडून, तो तुटल्याची टेस्टरऐवजी मीटरने खात्री करून, मगच दार उघडावे. कोपरे आणि छिद्रांच्या कडा बॅटरीच्या तिरप्या उजेडात पाहाव्यात, कारण केसाएवढी भेग समोरच्या उजेडात दिसत नाही. गास्केटवर खडूची पूड लावून दार एकदा बंद करून उघडावे. समोरच्या कडेवर खडूची रेघ सलग उमटली नाही तर दार वाकलेले आहे. धातूची पेटी असेल तर दार आणि पेटी यांना जोडणारी अर्थिंगची वायर ओढून पाहावी आणि तिची सलगता मोजावी. बसबार व पत्रा यांतील अंतर मूळ मापाशी ताडून घ्यावे आणि मेगरने विद्युतरोधन तपासावे. यांपैकी कोठेही शंका आली तर पेटी बदलावी. भेगेवर एम-सील भरून पेटी परत चालू करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती भरलेली भेग पुढच्या ठोक्याला त्याच रेषेत उघडते, आणि तोपर्यंत धूळ आत गेलेली असते.

ही तपासणी मी वर्षातून दोनदा करतो: एकदा पावसाळ्यापूर्वी, ज्येष्ठात, म्हणजे उन्हाने ठिसूळ झालेल्या पेट्या पाणी येण्याआधी सापडतात, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुमारास, कापूस आणि तुरीचा हंगाम सुरू होऊन गिरण्यांत गाड्यांची वर्दळ वाढण्याच्या आधी.